उघाडीवाल्याची झडती

माझा भाऊ चोर नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाच्या जिवाला घोर नको. तो चोर आहे की नाही, यावर गावात बोलून बोलून लोकांची तोंडं दुखली. त्याला समोर बसवून एकानेही विचारलं नाही, माझं दुखणं ते आहे.

आमचं गाव खाडीला चिकटून. शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि मध्ये मातीचा बांध. त्या बांधात एक दरवाजा आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की उघाडी उघडायची, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आत ती बंद करायची, नाहीतर खारं पाणी आत शिरतं आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताचं काडं उभं राहत नाही. काम ऐकायला सोपं आहे. पावसाळ्यात, वारा अंगावरचं घोंगडं ओढून नेत असताना, त्या दरवाजापाशी उभं राहून बघा एकदा.

हे काम माझा थोरला भाऊ करतो. मी त्याला दादा म्हणते, गावही दादाच म्हणतं. ही सरकारी नोकरी नाही. दरवर्षी उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत गाव हात वर करून उघाडीवाला नेमतं, आणि नेमायच्या आधी त्याची झडती होते. झडती म्हणजे खिसे तपासणं नव्हे. उघाडीवाला सभेत उभा राहतो आणि ज्याला जे विचारायचं ते त्याला विचारतात. गेल्या साली माझ्या खाचरात पाणी का तुंबलं? अमुक दिवशी दरवाजा उशिरा का लावलास? झोपला होतास की काय? बायकाही विचारतात. एक म्हातारी तर दादाला दरवर्षी एकच प्रश्न विचारायची, "माझी जमीन शेवटाला हाय म्हणून तू माझ्याकडं बघत न्हाय ना?" आणि दादाही दरवर्षी सांगायचा, "काकी, पयली तुझीच बघतो." सगळे हसायचे. हसून झालं की हात वर व्हायचे. शिव्या खाल्लेल्या माणसावर गाव विश्वास टाकायचं, कारण शिव्या समोर दिलेल्या असायच्या.

मला त्याच गावात दिली, दादाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी ब्लाउज शिवते. शर्ट, पोरांचे गणवेश, जे येईल ते. शिवणारणीकडे बाई माप द्यायला हात वर करून उभी राहिली, की तिच्या पोटातलं सगळं बाहेर येतं. त्यामुळे गावात काय शिजतंय ते मला घरबसल्या कळत आलेलं आहे. गेल्या काही वर्षांत मात्र बायका माप देतानाही मोबाइलकडे बघतात. "ताई, ग्रुपवर आलंय ते बघितलंस का?" एवढंच. पुढे बोलणं नाही, कारण सगळं ग्रुपवर आलेलंच असतं.

गेल्या पावसाळ्यात, लावणी होऊन थोडे दिवस झाले असतील, पावसाने जोर धरला. शेतं आणि खाडी एक झाल्यासारखी दिसायला लागली, दोन्हीकडे तेच गढूळ पाणी. रविवार होता. आमच्या शेजारच्या घरचा जावई सासरी आला होता. तो राहतो कळंबोलीला, धंदा ट्रान्सपोर्टचा, माणूस हौशी. त्याला खाडीतला जिताडा मासा खायचा होता आणि पाऊस बघायचा होता. बांधावर गेला. दादाने नुकतीच उघाडी उघडलेली, ओहोटी लागलेली, शेतातलं पाणी धाडधाड खाडीत पडत होतं. जावईबापूंनी मोबाइल आपल्या तोंडासमोर धरला, पाठीमागे उघाडी घेतली आणि म्हणाले, "बघा मंडळी, आमच्या सासुरवाडीच्या उघाडीतून पाणी कसं चाललंय!" त्यावर एक गाणं लावलं आणि सोडून दिलं. मनात काही पाप नव्हतं, हे मी आजही म्हणते.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर आला. आणि तो बघणाऱ्या सगळ्यांना दिसलं की खाडीचं पाणी शेतात चाललंय.

आता यात मेख अशी, की बाहेरचा माणूस फसलाच नसता. त्याला खाडी कुठल्या बाजूला आणि शेत कुठल्या बाजूला हेच माहीत नाही, त्याला नुसतं पाणी दिसलं असतं. आमच्या माणसाला ते जन्मापासून माहीत. गावाकडून उघाडीकडे तोंड करून बघितलं की डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला शेतं, हे लहान पोरही झोपेत सांगेल. व्हिडिओत पाणी डावीकडून उजवीकडे जात होतं. झालं! गावाला पुरावा मिळाला. कोणीतरी खाली लिहिलं, "उघाडी भरतीला उघडी? खारं पाणी शेतात?" दुसऱ्याने प्रश्नचिन्हं काढून टाकली आणि पुढे पाठवलं.

त्याच आठवड्यात बांधाजवळच्या काही खाचरांतली रोपं पिवळी पडली. बांधातून थोडं खारं पाणी झिरपतं, दर चार-दोन वर्षांनी असं होतं, पूर्वी लोक त्यावर चुकचुकून गप्प बसायचे. या वेळी त्या रोपांचे फोटो ग्रुपवर आले. मग अक्कल पाजळणारे पुढे झाले. जमिनी नापीक झाल्या की स्वस्तात जातील, मागे कोणीतरी मोठा माणूस आहे, उघाडीवाल्याला हाताशी धरलंय. आणि शेवटी, कोणी लिहिलं देव जाणे, "त्याच्या पोराला न्हावा शेव्याला नोकरी कशी काय लागली बुवा अचानक?"

दादाच्या मुलाला खरंच त्याच महिन्यात नोकरी लागली होती. तिकडच्या एका कंटेनर यार्डात, गाड्या आत-बाहेर करायच्या नोंदी ठेवायचं काम. पोरगा दीड वर्ष चपला झिजवत होता. लागली तेव्हा वहिनीने सगळ्या आळीत पेढे वाटले होते, आणि पेढे खाणाऱ्यांनीच आता बोट दाखवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. एकदा, दोनदा. मला काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. जावईबापूंच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता. इतकी वर्षं शर्ट शिवतेय मी, पुरुषाच्या शर्टाला खिसा डाव्या छातीवर असतो. बटणपट्टीही उलटी. मोबाइल आपल्या तोंडाकडे धरून काढलं की काही मोबाइलमध्ये आरशासारखं होतं, डावं ते उजवं. म्हणजे सगळंच उलटं होतं. जी बाजू खाडीची वाटत होती ती शेताची होती, आणि पाणी जसं जायला हवं तसंच जात होतं, शेतातून खाडीत.

मला इतका आनंद झाला! वाटलं, सुटला माझा भाऊ. मी ग्रुपवर सगळं नीट लिहिलं. खिशाचं लिहिलं, बटणांचं लिहिलं. स्वतःच्या नवऱ्याचा शर्ट घालून माझा तसाच फोटो काढून टाकला, हे बघा, माझाही खिसा उजवीकडे गेला. काय झालं असेल? हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एकाने लिहिलं, "आत्या, भावाची बाजू घेणारच तुम्ही." दुसऱ्याने लिहिलं, "खिसा सोडा, खिशात काय गेलं ते सांगा." त्याखाली पंचवीस-तीस अंगठे. मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला आणि माझं लिहिलेलं वर सरकून दिसेनासं झालं.

मी म्हटलं, जाऊ द्या, खुद्द जावयालाच बोलायला लावू. शेजारणीकडे गेले. ती म्हणाली, "आगो, जावयाला कसं सांगू, तू खोटा पडलास म्हणून? माझी पोरगी हाय त्याच्या घरात." बरोबर आहे तिचं. आमच्याकडे जावयाच्या शब्दाला तोंडावर कोणी खोडत नाही, जेवणात मीठ कमी असलं तरी तो जास्त म्हणाला तर जास्तच असतं. मी म्हटलं, "आगं पण तो कुठं काय खोटं बोललाय? पाणी चाललंय एवढंच म्हणाला तो." तर म्हणते, "मंग त्याला मध्ये कशाला ओढतेस?" कपाळ माझं! पुढे जावईबापूंनी तो व्हिडिओ आपल्याकडून काढून टाकला म्हणे, एक अवाक्षर न बोलता. त्याचाही अर्थ गावाने आपल्याला हवा तसा लावला. म्हणे, त्याच्यावर दबाव आला.

दादा ग्रुपवर नाही. त्याच्याकडे साधा मोबाइल, नुसता बोलण्यापुरता. त्यामुळे त्याच्याबद्दल चाललेलं सगळं त्याला माझ्याकडून किंवा वहिनीकडून कळायचं. वहिनीकडे मोबाइल आहे, मुलाने घेऊन दिलेला. ती दुपारी त्यावर मालिका बघायची. त्या दिवसांत मालिका बंद होत्या. मी जाईन तेव्हा ती तोच व्हिडिओ बघत असायची, गाण्याचा आवाज बारीक करून. मला वाटायचं, नवऱ्याच्या अपमानाने बाई पोळली आहे. मी तिला म्हणायचे, "बंद कर तो मोबाइल, वहिनी." ती बंद करायची.

दादाला राग आला का? नाही आला. तेच मला सहन होत नव्हतं. म्हणाला, "पंधरा ऑगस्टला ग्रामसभा हाय ना. तिथं इचारतील. मी सांगीन." जणू काही त्याला बोलावणंच आलं होतं. मग त्याची तयारी सुरू झाली. कुठल्या दिवशी किती पाऊस, भरती कधी, उघाडी कधी उघडली, हे तो स्वतःशी पुटपुटायचा. जेवताना थांबायचा आणि म्हणायचा, "पोराच्या नोकरीचं इचारलं तर त्याला उभा करीन. तो सांगंल मुलाखत कुठं झाली ती." बांधावरून येताना कोणी समोर आलं की दादा मुद्दाम थांबायचा. समोरचा म्हणायचा, "काय दादा, पाऊस काय म्हणतोय?" आणि निघून जायचा. ग्रुपवर जो शिव्या घालायचा तोच. दादा त्याच्या पाठीकडे बघत उभा राहायचा. हे मी माझ्या ओट्यावरून बघितलेलं आहे, आणि मला त्या लोकांचा नाही, दादाचाच राग यायचा. अरे, दोन शिव्या घाल ना तू पण!

ग्रामसभेच्या आधी दोन दिवस ग्रुपवर मत घ्यायची ती सोय आली, पोल म्हणतात ती. उघाडीवाला बदलावा का? होय. नाही. लोकांनी धडाधड मतं दिली. पनवेलला राहणाऱ्यांनी दिली, बोरिवलीला राहणाऱ्यांनी दिली, आखातात गेलेल्या एकाने तिकडून दिलं. ज्यांची शेतं विकून झालीत त्यांनीही दिलं. होय पुष्कळच पुढे गेलं. आणि गावाच्या मनातून विषय संपला. निकाल लागला ना, आता काय राहिलं?

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला तुडुंब गर्दी. पांढरे कपडे, छातीवर झेंडे, पोरांची भाषणं, प्रत्येकाचा मोबाइल वर. जिलेबी खाल्ली आणि लोक घरी गेले. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभेला आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. दादा इस्त्रीचा सदरा घालून आला होता, बरोबर मुलगा, त्याने त्यासाठी खाडा केला होता. ग्रामसेवकाने तासभर वाट बघितली. मी स्वतः आळीत जाऊन दारं वाजवली. "सभा हाय, चला ना." तर म्हणतात, "मी दिलंय मत, ताई." मी म्हटलं, "ते मत न्हाय, तो अंगठा हाय. सभेत येऊन इचारा त्याला." "आता काय इचारायचं? सगळं तर आलंय ग्रुपवर." एका घरात तर पोरगा जागचा न उठता म्हणाला, "लाइव्ह करा की, बघतो." माझा हात शिवशिवत होता, पण परक्याचं पोर.

माणसं पुरेशी नाहीत म्हणून ग्रामसेवकाने सभा तहकूब केली. आठवड्याने पुन्हा ठेवली. आणि कायद्यात असं आहे म्हणे, की तहकूब झालेल्या सभेला माणसं किती आली हे बघत नाहीत, असतील तेवढ्यांत काम उरकता येतं. पहिल्यांदा मला वाटलं, बरंच झालं. दादाचं बोलणं तरी होईल.

दुसऱ्या सभेला त्याहून कमी लोक होते. सरपंचबाई, दोन सदस्य, ग्रामसेवक, आम्ही घरचे आणि पाऊस थांबेपर्यंत टेकलेले दोघंतिघं. रस्त्याचा विषय झाला, नळाचा झाला. मग ग्रामसेवक म्हणाला, "उघाडीबाबत तक्रारी आहेत, असं कळतं. कोणाची लेखी तक्रार?" कोणाची नव्हती. "तोंडी?" कोणी बोललं नाही. दादा तोपर्यंत उभा राहिला होता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं तरी. एक सदस्य, जो ग्रुपवर रोज काहीतरी लिहायचा, तो खिडकीतून बाहेर पावसाकडे बघत होता.

सरपंचबाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "बदलायचं म्हणताय, तर दुसरं कोण करतंय हे काम? नाव द्या." भर पावसात बांधावर जायला होय म्हणणाऱ्यांपैकी एकजणही तयार नव्हता. "मग चालू द्या जसं हाय तसं," बाई म्हणाल्या. "दादा, तुम्हीच बघा यंदा."

म्हणजे बघा, ग्रुपने त्याला चोर ठरवून काढला आणि सभेने त्याला तसाच चोर म्हणून ठेवला.

दादा खाली बसला नाही. "मला इचारा ना," तो म्हणाला. "काय ते इचारा. मी सांगतो."

सरपंचबाई ओशाळल्या. "कशाला वाद वाढवता दादा? झालं ना तुमच्या मनासारखं?"

"अवो, पन इचारा कोनीतरी."

ग्रामसेवकाने पुढचा विषय वाचायला घेतला. पोराने दादाचा हात धरून त्याला बसवलं. मी उठून बोलायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मी बोलले. मोठ्याने बोलले, नको ते बोलले. सदस्य म्हणाला, "ताई, तुम्ही घरच्या आहात."

संध्याकाळी मी दादाकडे गेले. पाऊस उघडला होता. पोरगा पाळी होती म्हणून यार्डात गेला होता. दादा पडवीत बसलेला, तोच सदरा अंगावर, समोर चहा तसाच. मी म्हटलं, "संपलं ना आता. तूच उघाडीवाला. मरा म्हणावं सगळ्यांना."

तो म्हणाला, "तू इचार."

"काय?"

"जे त्यांनी इचारायचं ते."

"मला काय विचारायचंय? मला माहीत हाय तू काय केलंस ते."

"माहीत असू दे. तू इचार."

मला रडूच यायला लागलं. रागही आला, त्याचा, गावाचा, सगळ्याचा. पण तो माझ्याकडे असा बघत होता, की विचारल्यावाचून सुटका नव्हती. मी म्हटलं, "दादा, खाडीचं पाणी शेतात तू सोडलंस का?"

तो उभा राहिला. हात पोटावर एकात एक धरून त्याने मला सगळं सांगितलं. कुठल्या दिवशी पाऊस किती होता, ओहोटी कधी लागली, उघाडी कधी उघडली, पाणी कुठून कुठे गेलं. महिनाभर पुटपुटून पाठ केलेलं सगळं, एकही शब्द न चुकता. मी ऐकत होते. मध्येच "बरं" म्हणत होते, सभेत म्हणतात तसं. सगळं सांगून झाल्यावर त्याचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळा झाला. मला वाटलं, एवढ्यानेही भागलं म्हणायचं.

सवयीने तो म्हणाला, "आजून कोनाला काय इचारायचंय?"

वहिनी चुलीकडून दारात येऊन उभी होती. ती कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, त्याच्याकडे न बघता, ती म्हणाली, "पोराची नोकरी... ती आशीच लागली ना?"

तीस वर्षांचा संसार त्यांचा. दादाने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा ओरडेल, चहाचा पेला भिरकावेल. मी मनातून म्हणत होते, ओरड रे बाबा एकदा.

तो तिच्याकडे तोंड करून नीट उभा राहिला, हात पुन्हा तसेच पोटावर धरले, आणि गावाला सांगावं तसं त्याने तिला सांगायला सुरुवात केली, मुलाखत कुठं झाली इथपासून.